गाळातली प्लास्मिडे: सापडली म्हणजे नेमके काय?

प्रश्नाची पार्श्वभूमी

जीवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची काही छोटी, बहुधा वर्तुळाकार वलये असतात. आपल्या प्रती किती काढायच्या हे ती स्वतःच ठरवतात. त्यांतली बरीच एका जीवाणूतून दुसऱ्यात, कधी अगदी दूरच्या जातीतही जातात. जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये त्यांना प्लास्मिड हे नाव दिले तेव्हा हा विषय जनुकशास्त्रज्ञांपुरताच होता. जपानमधल्या आमांशाने तो रुग्णालयात आणला. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे शिगेलाचे असे वाण आढळू लागले, की स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन आणि सल्फा या चारही औषधांना ते एकदम दाद देईनात. हा गुण नुसत्या संपर्काने एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जातो, हेही तिथेच सिद्ध झाले. त्सुतोमु वातानाबे यांच्या १९६३च्या आढाव्याने ही माहिती जगभर पोचवली.

प्रदूषणाशी प्लास्मिडांचा संबंध जोडला गेला तो वेगळ्या वाटेने. १९७०च्या दशकात आनंद चक्रवर्ती यांनी तेलातली निरनिराळी हायड्रोकार्बन पचवणारी प्लास्मिडे स्यूडोमोनासच्या एकाच वाणात आणली. त्या वाणाच्या पेटंटचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० मध्ये निकाल चक्रवर्तींच्या बाजूने लागला. टोल्युइन पचवणाऱ्या टीओएल प्लास्मिडाचे वर्णन १९७४ मध्ये झाले. बेल्जियममधल्या एका जस्त कारखान्याच्या गाळटाकीतून मिळालेल्या कुप्रियाविडस मेटॅलिड्युरन्स या जीवाणूत जस्त, कॅडमियम, निकेल, पारा अशा धातूंना तोंड देणारी दोन मोठी प्लास्मिडे निघाली. म्हणजे दूषित जागी प्लास्मिडे शोधण्यामागे सुरुवातीला आशा होती, निसर्गाने स्वच्छतेची कोणती हत्यारे घडवली आहेत हे पाहण्याची. आज हेच काम मुख्यतः काळजीपोटी चालते. प्रतिजैविके, धातू आणि मैला एकत्र साचलेल्या गाळात औषधांना न जुमानणारी जनुके प्लास्मिडांवर चढून रोगजंतूंपर्यंत पोचतील का, हा आजचा प्रश्न आहे.

या प्रश्नाची चौकट १९८३च्या एका शोधनिबंधाने आखून दिली. ह्यूज आणि नाओमी दत्ता यांनी मरे संग्रहातले, म्हणजे १९१७ ते १९५४ या काळात गोळा केलेले आतड्यातल्या जीवाणूंचे वाण तपासले. त्यांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यातून प्लास्मिडे ई. कोलायमध्ये उतरवता आली, पण त्यांच्यावर औषधरोधाची जनुके नव्हती. वाहने आधीपासून धावत होती, माल नंतर चढला. त्यामुळे एखाद्या नाल्यात प्लास्मिड सापडणे ही एवढ्यावरून बातमी होत नाही. त्यावर कोणते जनुक आहे, ते कोणत्या जीवाणूच्या पेशीत आहे आणि तिथून ते पुढे जाते का, हे कळल्यावरच त्या सापडण्याला अर्थ येतो. गेल्या चार दशकांतल्या पद्धती यांपैकी एकेका प्रश्नाचे उत्तर देतात, तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकही देत नाही. या क्षेत्रातले बरेच मतभेद, माझ्या मते, निष्कर्षांचे नाहीत. वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे एकाच तराजूत घातल्यामुळे ते उभे राहिले आहेत.

पटांचेरूचा गाळ

हे तपासून पाहायला पटांचेरूइतके योग्य ठिकाण दुसरे क्वचितच असेल. हैदराबादच्या वायव्येला असलेल्या या औद्योगिक पट्ट्यात सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी एका सामायिक प्रक्रिया केंद्रात येत असे. डी. जी. योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत, प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे प्रमाण दर लिटरला ३१,००० मायक्रोग्रॅमपर्यंत होते. या औषधाने जीवाणूंवर निवडीचा दाब येऊ नये म्हणून २०१६ मध्ये सुचवलेली मर्यादा लिटरला ०.०६४ मायक्रोग्रॅम आहे. दोन आकड्यांत जवळपास पाच लाख पटींचे अंतर आहे. हे पाणी इसकवागू आणि नक्कवागू या ओढ्यांतून मांजरा नदीच्या दिशेने जात असे. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटात उगम पावून पुढे गोदावरीला मिळणारी मांजरा ती हीच. प्लास्मिडे शोधण्याची जवळजवळ प्रत्येक पद्धत या परिसरात वापरून झाली आहे, आणि म्हणूनच त्यांची तुलना इथे करता येते.

जिवंत पकडण्याची पद्धत

सर्वांत जुनी पद्धत जीवाणू वाढवण्याची. गाळ पातळ करून आगरच्या थाळीवर पसरायचा, उगवलेल्या वसाहती वेगळ्या करायच्या, पेशी फोडून प्लास्मिड बाहेर काढायचे. पटांचेरूच्या प्रक्रिया केंद्रातले ९३ वाण अशा रीतीने तपासले गेले. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या या अभ्यासात (२०१३) ८६ टक्के वाण २० किंवा त्याहून अधिक प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. अडचण सर्वांना माहीत आहे: पर्यावरणातल्या बहुसंख्य जीवाणूंची वसाहत थाळीवर उगवतच नाही. मग जो उगवत नाही त्याच्या पोटातले प्लास्मिड कसे पाहायचे?

यावरचा उपाय १९८०च्या दशकात ब्रिटनमधल्या नद्यांवर काम करणाऱ्यांनी काढला. मूळ जीवाणूला वाढवायचेच नाही, त्याचे प्लास्मिड ओळखीच्या जीवाणूत येऊ द्यायचे. प्रत्यक्ष काम असे चालते. गाळ क्षारद्रावणात जोराने हलवून कणांना चिकटलेले जीवाणू सोडवतात. ते ई. कोलायच्या एका ठरावीक वाणात मिसळतात. या ग्राही वाणाला रिफॅम्पिसिन मारत नाही आणि हिरवी चमक देणारे जनुक त्याच्या गुणसूत्रावर बसवलेले असते. मिश्रण गाळणकागदावर ओतून तो कागद आगरवर रात्रभर ठेवतात, म्हणजे पेशींना एकमेकींना खेटून राहायला वेळ मिळतो. सकाळी कागदावरचा थर धुऊन तो रिफॅम्पिसिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन अशी दोन्ही औषधे घातलेल्या थाळीवर पसरतात. गाळातले बहुतेक जीवाणू पहिल्या औषधाने मरतात, रिकामा राहिलेला ग्राही दुसऱ्याने. उरलेल्या वसाहतींतल्या ज्या निळ्या प्रकाशाखाली हिरव्या चमकतात, त्या ग्राहीच्याच असतात आणि गाळातून आलेले काहीतरी त्यांच्या आत असते. ते प्लास्मिड बाहेर काढून पूर्ण वाचता येते. पटांचेरूजवळच्या काझीपल्ली तलावाच्या गाळातून २०१५ मध्ये याच मार्गाने फ्लुरोक्विनोलोनरोध (म्हणजे सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटातल्या औषधांना रोध) वाहणारी इंक-ए/सी आणि इंक-एन गटांतली नवी प्लास्मिडे हाती लागली.

आक्षेप उघड आहे. ही पद्धत ई. कोलायच्या पेशीत तग धरणारी, थाळीतल्या औषधाला रोध देणारी आणि एका रात्रीत सरकणारी प्लास्मिडेच दाखवते. तापमान बदलले तरी निकाल बदलतो. दिल्लीच्या रस्त्यांवरच्या साचलेल्या पाण्यात आणि नळाच्या पाण्यात कार्बापेनेम औषधांना रोध देणारे एनडीएम-१ जनुक शोधणाऱ्या २०११च्या अभ्यासात (५० पैकी २ नळनमुन्यांत आणि १७१ पैकी ५१ साचपाण्याच्या नमुन्यांत ते मिळाले) प्लास्मिडांची देवघेव ३७ अंशांपेक्षा ३० अंशांना अधिक झाली. शरीराच्या तापमानालाच प्रयोग करणाऱ्याला हे दिसले नसते. आक्षेप खरा आहे, पण त्याने पद्धत रद्द होत नाही, तिचा प्रश्न स्पष्ट होतो. मानवी आतड्यातल्या जीवाणूच्या सख्ख्या नातलगात काय शिरू शकते, हेच विचारायचे असेल तर ई. कोलाय हा योग्य ग्राही आहे. गाळात एकूण काय आहे, हे विचारायचे असेल तर तो अपुरा आहे. वसाहत आली नाही म्हणून प्लास्मिड नव्हते असे लिहिणे मात्र कोणत्याही परिस्थितीत चूक, आणि असे निष्कर्ष अजूनही वाचायला मिळतात.

खुणांवरून ओळखणे

दुसरा मार्ग पीसीआरचा. प्रती काढण्याची यंत्रणा प्रत्येक प्लास्मिड गटात वेगळी असते. तिचा तुकडा नमुन्यात मिळाला की तो गट तिथे आहे असे धरतात. पर्यावरणासाठी इंक-पी, इंक-एन, इंक-डब्ल्यू आणि इंक-क्यू या बहुयजमान गटांच्या खुणा १९९६ मध्ये तयार झाल्या. आतड्यातल्या जीवाणूंसाठी आलेसांड्रा कारात्तोली यांच्या गटाने २००५ मध्ये वर्गीकरण दिले, आणि २०१४ मध्ये प्लास्मिडफाइंडर हा संगणकीय शोधक आला. पद्धत जलद आहे, स्वस्त आहे आणि गाळातल्या एकूण डीएनएवर थेट चालते. पण खुणांची यादी मुख्यतः रुग्णालयात भेटणाऱ्या जीवाणूंवरून बनली आहे. कारखान्याच्या गाळात राहणाऱ्या अनोळखी जीवाणूची प्लास्मिडे या यादीत बसत नाहीत, म्हणून ती मोजली जात नाहीत. ओळखीचेच पुन्हा पुन्हा सापडते आणि यादी पुरेशी असल्याचा आभास पक्का होतो.

याच वर्गात पहिल्या प्रकारच्या इंटिग्रॉनचे, म्हणजे रोधजनुके गोळा करून बसवणाऱ्या डीएनए-यंत्रणेचे, जनुक येते. मानवी प्रदूषणाचे सर्वसाधारण मापक म्हणून ते वापरावे, असे मायकेल गिलिंग्ज आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये सुचवले. मापक म्हणून ते चांगलेच चालते. मात्र इंटिग्रॉन म्हणजे प्लास्मिड नव्हे. तो गुणसूत्रावरही असतो. त्याचा आकडा वाढला की प्लास्मिडांची वाहतूक वाढली, हे अनुमान सोयीचे असले तरी पुराव्यात बसत नाही.

सगळा डीएनए वाचणे

तिसऱ्या मार्गात आधी काहीच गृहीत धरावे लागत नाही: गाळातला सगळा डीएनए वाचायचा आणि मग शोधायचे. पटांचेरूच्या नदीगाळाच्या २०११मधल्या अशा वाचनात आरएसएफ-१०१० हे सल्फा आणि स्ट्रेप्टोमायसिन रोध वाहणारे छोटे प्लास्मिड मोठ्या प्रमाणात दिसले. काझीपल्ली तलावाच्या २०१४च्या वाचनात रोधजनुके तुलनेसाठी घेतलेल्या एका स्वीडिश तळ्याच्या सुमारे ७,००० पट निघाली. त्यात २६ माहीत असलेली आणि २१ नवी असावीत अशी प्लास्मिडे नोंदली गेली. सर्वाधिक आढळलेल्या जनुकांत फ्लुरोक्विनोलोनरोध देणाऱ्या क्यूएनआर कुटुंबातले क्यूएनआर-डी होते. हे जनुक सहसा तीनेक हजार अक्षरांच्या, स्वतःहून न सरकणाऱ्या चिमुकल्या प्लास्मिडांवर असते. वर्षभराने त्याच तलावाच्या गाळातून जिवंत पकडली गेली ती मात्र इंक-ए/सीसारखी मोठी, स्वतःहून सरकणारी प्लास्मिडे. दोन्ही निकाल बरोबर आहेत. वाचनाने तिथे जे भरपूर आहे ते दाखवले, पकडीने जे पुढे जाऊ शकते ते. एकट्या वाचनावर विसंबणाऱ्याने क्यूएनआर-डीला सर्वांत मोठा धोका ठरवले असते. एकट्या पकडीवर विसंबणाऱ्याला ते बहुधा दिसलेही नसते. त्यात छोट्या प्लास्मिडाच्या एकाच पेशीत कित्येक प्रती असतात, त्यामुळे प्रतींचा आकडा म्हणजे जीवाणूंचा आकडा नव्हे.

वाचनाची खरी कसोटी जुळणीत लागते. यंत्रातून निघणारे तुकडे दीडशे-तीनशे अक्षरांचे असतात आणि रोधजनुकांच्या आजूबाजूला त्याच त्या उड्या मारणाऱ्या क्रमांची पुनरावृत्ती असते. आयएस-२६ हा क्रम ८२० अक्षरांचा आहे आणि एकाच प्लास्मिडावर तो अनेकदा येऊ शकतो. भजनाच्या अनेक वह्यांचे कपटे एकत्र मिसळले, तर ध्रुवपदाचा कपटा कोणत्या अभंगाचा हे सांगता येत नाही, तसे इथे होते. एकेकट्या जीवाणूच्या जीनोमातूनही छोट्या तुकड्यांवरून प्लास्मिडे पूर्ण जुळवणे कितपत शक्य आहे, याची २०१७ मध्ये पद्धतशीर परीक्षा झाली. अनेक साधने वापरूनही निकाल समाधानकारक आला नाही. मिश्र गाळात तर काम आणखी कठीण. त्यानंतर प्लासफ्लो, मेटाप्लास्मिडस्पेड्स, जीनोमॅड अशी साधने आली, लांब तुकडे वाचणारी यंत्रे आली, आणि चित्र बरेच सुधारले. तरी ही साधने आधीच माहीत असलेल्या प्लास्मिडांवर शिकतात, म्हणजे यादीचा जुना दोष वेगळ्या रूपाने परत येतो.

वाचनाआधी प्लास्मिडांचा अंश वाढवण्याचाही प्रयत्न होतो. सरळ डीएनए खाऊन टाकणारे एक विकर वापरले की वर्तुळे तेवढी उरतात. मग फाय-२९ विकराने त्यांच्या प्रती वाढवतात. यात छोट्या वर्तुळांचे पीक अवाजवी वाढते आणि मोठी प्लास्मिडे हाताळणीत तुटली की तीही खाल्ली जातात. आणखी गंभीर गोष्ट अशी की काही प्लास्मिडे मुळातच सरळ असतात. कीटकनाशकाने दूषित जपानी मातीतून मिळालेल्या आणि पीसीबी पचवणाऱ्या ऱ्होडोकोकस आरएचए-१ या वाणाचे सर्वांत मोठे प्लास्मिड अकरा लाखांहून अधिक अक्षरांचे आणि सरळ आहे. म्हणजे प्रदूषक पचवणारी यंत्रणा जिथे असू शकते तो डीएनए या पद्धतीत पहिल्याच पायरीला नष्ट होतो.

यजमान कोण?

जनुक प्लास्मिडावर आहे हे कळले तरी ते निरुपद्रवी मातीतल्या जीवाणूत आहे की क्लेबसिएलासारख्या रोगजंतूत, यावर सगळा अर्थ अवलंबून असतो. डीएनए काढताना पेशी फुटतात आणि यजमानाशी असलेले नाते हरवते. हाय-सी पद्धत हे नाते टिकवते: पेशी फोडण्यापूर्वी आतला डीएनए रसायनाने एकमेकांना बांधतात, म्हणजे प्लास्मिड आणि गुणसूत्र यांचे तुकडे जोडीने वाचले जातात. सांडपाण्यावर हा प्रयोग २०१९ मध्ये यशस्वी झाला. उलट बाजूने, एखादे प्लास्मिड कुठवर पोचू शकते हे पाहण्यासाठी कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये चमकणाऱ्या जनुकाने खूण केलेली बहुयजमान प्लास्मिडे मातीतल्या जीवाणूंत सोडली आणि चमकणाऱ्या पेशी यंत्राने वेचून घेतल्या. अकरा संघांतल्या जीवाणूंनी ती स्वीकारली होती. ‘पोचू शकते’ ही वरची मर्यादा झाली. दूषित नाल्यात रोज प्रत्यक्ष किती देवघेव होते, हे अजून कोणत्याही पद्धतीने थेट मोजलेले नाही. दुर्मीळ जीवाणूंतली प्लास्मिडे हाय-सीमध्येही निसटतात.

प्रदूषण निवडते, की केवळ आणून टाकते?

पद्धतींच्या चर्चेमागे असलेला मुख्य वाद हा आहे. एका बाजूचे म्हणणे, प्रतिजैविके आणि धातू यांच्या दाबाखाली रोधप्लास्मिडे जागेवरच वाढतात. त्यांच्याकडे प्रयोगांचा आधार आहे. स्वीडनमधल्या उप्साला इथल्या २०१४च्या प्रयोगात बहुरोधी प्लास्मिड बाळगणाऱ्या जीवाणूंना औषधांच्या आणि आर्सेनाइट, तांबे यांसारख्या धातूंच्या मारक नसलेल्या मात्रेतही फायदा झाला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, नाल्यात दिसणारी बहुतेक रोधजनुके मैल्याबरोबर आलेली असतात, तिथे वाढलेली नसतात. याला २०१९च्या एका विश्लेषणाने बळ दिले. अँटी कार्कमन आणि सहकाऱ्यांनी मानवी मैल्याचा निदर्शक म्हणून क्रॅसफाज हा विषाणू घेतला. अनेक दूषित ठिकाणी रोधजनुकांचे प्रमाण जवळपास मैल्याच्या प्रमाणातच चढउतार करते, असे त्यांना आढळले. अपवाद निघाला तो औषधनिर्मितीच्या सांडपाण्याने दूषित झालेल्या गाळाचा. तिथे जनुके मैल्याच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त होती.

या निकालाने वाद मिटला असे काही जण मानतात. मला तो अर्धाच सुटलेला वाटतो. पुण्यात मुठेच्या गाळावर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शहरातल्या टप्प्यात रोधजनुके वरच्या बाजूच्या तुलनेत ३० पटींपर्यंत अधिक होती. अखेरच्या फळीतल्या औषधांना निष्प्रभ करणारी जनुकेही त्यांत होती. प्रक्रिया न केलेले मैलापाणी नदीत येते, एवढ्याने या वाढीचा मोठा भाग समजतो. पण मैल्याबरोबर आलेले प्लास्मिड मुठेतल्या स्थानिक जीवाणूत उतरले, तर जनुकांच्या एकूण बेरजेत फरक जवळजवळ पडत नाही आणि धोक्यात मात्र मोठा पडतो. बेरीज मोजणाऱ्या पद्धतीला हा फरक दिसणारच नाही. उलट, निवडीच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही मैल्याचे माप न घेता केवळ वाढलेल्या आकड्यावरून निष्कर्ष काढणे थांबवायला हवे. दोन्ही मापे एकाच नमुन्यावर घेणे खर्चाचे आहे, अशक्य नाही.

माणसांपर्यंत काय पोचते याबद्दलचा पुरावा तर दोन्ही बाजूंना सावध करणारा आहे. पटांचेरू परिसरात २०१४ मध्ये क्यूएनआर जनुके मोजली गेली. भारतीय नदीगाळाच्या प्रत्येक नमुन्यात आणि विहिरींच्या ४२ टक्के नमुन्यांत ती होती. दूषित गावांतल्या रहिवाशांच्या विष्ठेत मात्र ती दूरच्या गावांपेक्षा जास्त आहेत, याला आधार मिळाला नाही. कारणही त्याच अभ्यासात दिसते: तपासलेल्या भारतीय विष्ठानमुन्यांपैकी ९१ टक्क्यांत ती आधीच होती. माणसामाणसांतला प्रसार इतका झालेला असेल, तर गाळाची भर त्यात वेगळी ओळखू येणार नाही. म्हणून गाळ निर्धोक ठरत नाही. सर्वत्र पसरलेल्या जनुकांपेक्षा नव्या जनुकांसाठी तो महत्त्वाचा असू शकतो. सल्फा औषधांना रोध देणारे चौथे सरकते जनुक, एसयूएल-४, २०१७ मध्ये भारतातल्या दूषित नदीगाळातूनच ओळखले गेले.

काय बाकी आहे

नियमनाच्या पातळीवर प्लास्मिडे अजून आलेलीच नाहीत. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या जानेवारी २०२०च्या मसुद्यात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या १२१ प्रतिजैविकांसाठी मर्यादा होत्या. २०२१च्या अंतिम अधिसूचनेत त्या नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेले मार्गदर्शनही औषधांच्या प्रमाणावर उभे आहे. रेणू मोजणे सोपे, ही त्यामागची व्यवहार्य बाजू. परंतु धातूंमुळे होणारी सहनिवड आणि मैल्याबरोबर येणारी प्लास्मिडे औषधाच्या मर्यादेत सापडत नाहीत. जनुके किंवा प्लास्मिडे मोजायची म्हटली, तर कोणती, किती खोल वाचनाने, मृत पेशींचा गाळात पडून राहिलेला डीएनए वगळून की धरून, यावर प्रयोगशाळांचे एकमत नाही. किमान कोणत्या प्रमाणापर्यंत पद्धत प्लास्मिड पकडते हे निबंधात लिहिण्याचीही सक्ती नाही. ती असती तर नकारार्थी निकालांची किंमत कळली असती.

सर्वांत मोठी पोकळी काळाच्या बाबतीत आहे. बहुतेक अभ्यास एका दिवशी घेतलेल्या नमुन्यांवर उभे आहेत. प्रयोगशाळेत असे दिसते की प्लास्मिड बाळगण्याचा भार यजमान काही पिढ्यांतल्या उत्परिवर्तनांनी हलका करतो, आणि देवघेव पुरेशी जलद असेल तर औषध नसतानाही प्लास्मिड टिकते. नदीत तसेच घडते का, हे ठाऊक होण्यासाठी सांडपाणी थांबण्यापूर्वीचा आणि थांबल्यानंतरचा गाळ त्याच जागी, त्याच पद्धतीने, काही वर्षे तपासावा लागेल. आपल्याकडे त्यात पावसाळ्याचा हिशेब धरावा लागेल, कारण पुराने वरचा थर वाहून गेला की जूनचा आणि ऑक्टोबरचा गाळ एकच राहत नाही. पकड, वाचन आणि मैल्याचे माप ही तिन्ही एकाच नमुन्यावर घेणारी अशी मालिका उभी राहिली, तर प्रदूषण थांबल्यावर प्लास्मिडे ओसरतात की तिथेच घर करून राहतात, याचे उत्तर पटांचेरूचे ओढे किंवा मुठा देऊ शकतील.